पिवळा दिवा कुठं लावायचा?

ब्रह्मपुरीतल्या एका वेल्डिंगच्या दुकानामागं, टिनाच्या शेडखाली, एक जीप उभी आहे. ती कुठल्याही कंपनीची नाही. लोखंडी चॅनेल कापून-जोडून तिची चेसिस उभी केलेली, इंजिन भंगारात निघालेल्या मालवाहू तीनचाकीचं, सीट जुन्या काळी-पिवळीतली आणि पुढचे मडगार्ड पत्रा ठोकून हातानं वळवलेले. बनवणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. आजच्या कायद्यानं ही गाडी रस्त्यावर येऊ शकत नाही आणि तो तिला रस्त्यावर नेतही नाही. शेत दुकानाला लागूनच आहे. धुऱ्याच्या आत खताची पोती, फवारणीचा पंप, कापलेल्या धानाचे भारे एवढीच तिची ये-जा.

तरीही तिला चार इंडिकेटर आहेत.

"इंजिन बसवाले दहा दिवस लागले भाऊ," तो म्हणाला, "पन डोस्का खाल्ला तो या चार दिव्यांनी."

हे ऐकून मला नवल वाटलं. चेसिस सरळ ठेवणं, स्टिअरिंगची ओढ काढणं, ब्रेक चारही चाकांना सारखे लागणं ही खरी अवघड कामं. इंडिकेटर म्हणजे बाजारात मिळणारा दिवा, दोन वायरी आणि एक बटण. त्यात डोकं खाण्यासारखं काय आहे? पण त्यानं दिव्यांच्या जागा कशा बदलल्या ते एकेक करून दाखवलं, बुजवलेली भोकं दाखवली, आणि मग दिव्याच्या जागेचा प्रश्न मला पुरता नव्यानं दिसला.

पहिल्यांदा त्यानं दिवे पुढच्या बंपरवर लावले होते. दिसायला छान. जमिनीपासून उंची जेमतेम एक वीत. पावसाळ्यात बांधीतून गाडी काढली तेव्हा दोन्ही दिवे चिखलानं लिंपले गेले होते. आत दिवा पेटत होता, बाहेर काहीच दिसत नव्हतं. मग त्यानं ते उचलून थेट काचेच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात नेले. चिखलाचा प्रश्न मिटला, पण गाडीशेजारी सायकल घेऊन उभा राहिलेल्या त्याच्या मुलाला दिवा दिसेना, कारण जवळच्या माणसाची नजर तेवढी वर जात नाही. तिसऱ्यांदा त्यानं ते जाळीत, हेडलाइटला चिकटून बसवले. दिवसा उत्तम. रात्री हेडलाइट लावला की पिवळं लुकलुकणं त्या पांढऱ्या झोतात विरून जायचं. चौथ्यांदा ते मडगार्डच्या बाहेरच्या खांद्यावर आले आणि तिथंच राहिले.

या माणसानं नियमाचं पुस्तक कधी पाहिलेलं नाही. पण चार भोकं पाडून आणि तीन बुजवून तो ज्या जागेवर पोचला, तीच जागा पुस्तकातही लिहिली आहे.

वाहनावर कुठला दिवा कुठं बसवायचा यासाठी संयुक्त राष्ट्रांची ४८ क्रमांकाची नियमावली जगभर आधाराला घेतात. आपल्याकडचं एआयएस-००८ हे मानक तिच्यावरच बेतलेलं आहे. इंडिकेटरची खालची कड जमिनीपासून किमान ३५० मिलिमीटर वर हवी, वरची कड साधारणपणे १५०० मिलिमीटरच्या आत. गाडीची बांधणीच तशी असेल तर २१०० पर्यंत मुभा. दिव्याची बाहेरची कड गाडीच्या सर्वांत रुंद भागापासून ४०० मिलिमीटरपेक्षा आत सरकता कामा नये. डाव्या आणि उजव्या दिव्याच्या आतल्या कडांमध्ये किमान ६०० मिलिमीटर अंतर हवं. गाडीची रुंदी १३०० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ४०० चालतं. पुढचा इंडिकेटर हेडलाइटच्या खालच्या झोताच्या दिव्यापासून ४० मिलिमीटरपेक्षा जवळ असेल तर तो नेहमीपेक्षा जास्त प्रखर असावा लागतो. त्या वेल्डरचा तिसरा प्रयत्न फसला तो नेमका इथं.

आकडे असे ओळीनं वाचले की रुक्ष वाटतात. पण प्रत्येक आकड्यामागं रस्त्यावरचा कुणीतरी माणूस उभा आहे. ३५० मिलिमीटरमागं चिखल आहे, गवत आहे, पाण्याचे फवारे आहेत. बाहेरच्या कडेच्या ४०० मिलिमीटरमागं समोरून येणारा चालक आहे. रात्री त्याला गाडी दिसत नाही, दिवेच दिसतात, आणि दिवे आत सरकलेले असले तर गाडी आहे त्याहून अरुंद वाटते. दोन दिव्यांमधल्या ६०० मिलिमीटरमागं दुरून पाहणारा आहे. दिवे एकमेकांच्या फार जवळ असले तर लांबून दोन्ही मिळून एकच ठिपका होतो, आणि लुकलुकतो आहे तो डावा की उजवा हे कळत नाही. आणि डावा की उजवा हे कळत नसेल तर त्या दिव्याचा काय उपयोग?

मागच्या बाजूची गोष्ट आणखी बारीक आहे. नियम म्हणतो की इंडिकेटर गाडीच्या आतल्या बाजूला ४५ अंशांतून आणि बाहेरच्या बाजूला ८० अंशांतून दिसला पाहिजे, तसाच वरून-खालून १५ अंशांतून. त्याच्या जीपला मागं मधोमध स्टेपनी टांगलेली आहे. सरळ मागं उभं राहिलं तर दोन्ही दिवे दिसत होते. डावीकडं चार पावलं सरकलं की उजवा दिवा टायरच्या आड जायचा. म्हणजे डाव्या कडेनं येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ही गाडी उजवीकडं वळते आहे हे कळलंच नसतं. त्यानं स्टेपनी काढून बाजूला बसवली.

"पाठीमागच्याले दिसला पायजे ना भाऊ. नायतं लावून काय फायदा?"

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०२ वा नियम इंडिकेटरचा आणि १०३ वा त्याच्या जागेचा. रंग पिवळा, म्हणजे अंबर. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणं. पुढून आणि मागून स्वच्छ दिसणं. आणि एक अट मला फार शहाणपणाची वाटते : आपला इंडिकेटर नीट चालतो आहे की नाही, हे चालकाला सीटवर बसल्या जागी कळलं पाहिजे. डॅशबोर्डवरचा बाण आणि त्यासोबतची टिकटिक आली ती याचसाठी. दिवा गेला असेल आणि चालकाला ते माहीतच नसेल, तर आपण सांगितलं आणि समोरच्यानं ऐकलं अशा समजुतीत तो वळतो.

टिकटिक कुठून येते तेही पाहण्यासारखं आहे. जुन्या फ्लॅशरच्या डबीत दोन धातूंची जोडपट्टी असते. वीज गेली की ती तापून वाकते आणि जोड सुटतो. थंड झाली की पुन्हा चिकटते. १२ व्होल्टच्या गाडीत २१ वॅटचे दोन दिवे लागले की साधारण साडेतीन अँपिअर वीज वाहते आणि पट्टी ठरल्या लयीत तापते-निवते. एक दिवा उडाला की वीज कमी होते, लय बिघडते आणि चालकाच्या कानाला ते कळतं. हल्ली लोक जुन्या फ्लॅशरवर एलईडी लावतात. एलईडी वीजच इतकी कमी ओढतो की पट्टी तापत नाही. मग दिवा लुकलुकायच्या ऐवजी नुसता पेटून राहतो. काही प्रकारच्या फ्लॅशरवर उलट होतं : दिवा उडाला असं समजून ते भराभर लुकलुकायला लागतात. एलईडीसाठी वेगळा, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो. ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या पुढं गेल्यावर, स्वस्त वायरीचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, हीही इथल्या इलेक्ट्रिशियनची रोजची तक्रार.

*

घरी बनवलेल्या गाडीची गोष्ट निघाली की महाराष्ट्रात एक नाव हमखास येतं. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून आपल्या मुलासाठी एक छोटी जीप बनवली. शिक्षण फारसं नाही, धंदा लोहारकामाचा. गाडी दुचाकीसारखी किक मारून सुरू व्हायची, स्टिअरिंग डावीकडं होतं. खर्च सुमारे ६० हजार रुपये झाल्याचं तेव्हा छापून आलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला आणि उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तो आपल्या खात्यावरून सर्वांना दाखवला. गाडी कुठल्याही नियमात बसत नाही, हे त्यांनी लिहिलं. कमी साधनांत एवढं घडवणाऱ्याचं कौतुकही तितक्याच मोकळेपणानं केलं. आज ना उद्या अधिकारी ही गाडी अडवतील, तेव्हा तिच्या बदल्यात बोलेरो देतो, असं त्यांनी कळवलं. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि त्यांची जीप महिंद्रांच्या संग्रही गेली.

लोहार यांच्या हातच्या कसबाचं चीज झालं याचा कुणाही मराठी माणसाला आनंदच होईल, मलाही झाला. पण मनात एक प्रश्न राहिला तो राहिलाच. त्या गाडीला कुणी टेप लावून तपासलं असतं, ब्रेक पाहिले असते, दिव्यांच्या जागा मोजल्या असत्या आणि "हे हे दुरुस्त करा, मग या" असं सांगितलं असतं, तर? तसं सांगणारी खिडकीच आपल्याकडं नाही.

कायदा काय म्हणतो ते सरळ पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ३९ व्या कलमाप्रमाणं नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेलं वाहन मात्र कायद्याच्या मोटार वाहनाच्या व्याख्येतच येत नाही. नोंदणीला गेलं की आरटीओ दोन कागद मागतं : फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, आणि फॉर्म २२, म्हणजे वाहन रस्त्यायोग्य असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र. ज्यानं गाडी स्वतःच्या शेडखाली बनवली त्याला हे कोण देणार? उत्पादकाला १२६ व्या नियमानुसार आपल्या गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. त्या संस्थांपैकी तीन आपल्याच राज्यात आहेत : पुण्यात १९६६ पासूनची एआरएआय, पुण्यातच १९६७ ची सीआयआरटी, आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. ब्रह्मपुरीहून पुणं आठशे किलोमीटरच्या घरात. पण अंतर ही खरी अडचण नाही. ती सगळी व्यवस्था हजारो गाड्या बनवणाऱ्या कारखान्यासाठी उभारलेली आहे. एकाच गाडीला तिचा खर्च आणि तिच्या चाचण्या पेलत नाहीत.

मग काही जण दुसरी वाट धरतात : नोंदणी असलेली जुनी जीप घ्यायची आणि तिच्या कागदांवर नवी गाडी चढवायची. तीही वाट आता बंद आहे. ५२ व्या कलमाखाली वाहनात मूळ बांधणीपेक्षा वेगळे बदल करायला मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात ही मनाई आणखी घट्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. त्याआधी २०१३ मध्ये राजस्थानातल्या एका खटल्यात न्यायालयानं सांगितलं होतं की 'जुगाड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरगुती गाड्याही मोटार वाहनंच आहेत आणि कायद्याची पूर्तता केल्याशिवाय त्या रस्त्यावर येऊ शकत नाहीत.

हे निर्णय मला चुकीचे वाटत नाहीत. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. विमा नाही म्हणजे अशा गाडीखाली कुणी सापडला तर त्याच्या घरच्यांना भरपाई मागायला दार नाही. रस्ता सगळ्यांचा आहे आणि माझ्या हौसेचा धोका दुसऱ्यानं का पत्करावा? पण मनाई करणं हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे कसब असलेल्या माणसाला तपासणीला यायची वाट देणं.

ब्रिटननं ही वाट काढली आहे. तिथं घरी गाडी जोडण्याची परंपरा जुनी. कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली आणि सुट्या भागांच्या पेटाऱ्यातही विकली जाऊ लागली, कारण घरी जोडलेल्या गाडीवर खरेदी कर लागत नसे. १९७३ मध्ये तो कर जाऊन मूल्यवर्धित कर आला, सवलत संपली, पण हौस संपली नाही. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडं गेले आणि ती गाडी आजही घरोघरच्या गॅरेजमध्ये जोडली जाते. अशा एकेका गाडीसाठी तिथं आधी एक तपासणी होती. २००९ पासून तिच्या जागी वैयक्तिक वाहन मंजुरीची चाचणी आली. सरकारी परीक्षक ठरल्या दिवशी, छापलेल्या पुस्तकाप्रमाणं, एकच गाडी तपासतो. बाहेर आलेल्या प्रत्येक कडेची गोलाई किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची आहे का हेदेखील तो पाहतो, कारण गाडीची धारदार कड पादचाऱ्याला कापते.

आणि तिथंही माणसं अडखळतात ती इंडिकेटरवर. सेव्हनच्या घाटाच्या गाडीचं नाक अरुंद, पुढची चाकं दोन्ही बाजूंना उघडी, बाहेर आलेली. इंडिकेटर नाकावर लावला तर सर्वांत रुंद भागापासूनचं अंतर ४०० मिलिमीटरच्या पलीकडं जातं. चाकावरच्या छोट्या मडगार्डवर लावला तर चाकासोबत तोही वळतो. हेडलाइटच्या दांडीवर लावला तर हेडलाइटच ४५ अंशांच्या आड येतो. सकाळी नापास झालेला माणूस दिवा चार बोटं सरकवून पुन्हा तारीख घेतो आणि पास होऊन जातो. पासचा कागद घेऊन तो नोंदणी करतो, विमा काढतो आणि रस्त्यावर येतो. ब्रह्मपुरीच्या त्या शेडमध्ये जे चार भोकांत घडलं, तेच तिथं तपासणीच्या मैदानावर घडतं. फरक एवढाच की तिथं शेवटी हातात कागद येतो.

अशी चाचणी महाराष्ट्रात जिल्हानिहाय उभी करायला नवं शास्त्र शोधावं लागणार नाही. मोजमापं छापलेली आहेत. शासकीय तंत्रनिकेतनं आणि आयटीआय आहेत. २००७ पासून इंदूरजवळच्या पिथमपूरला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची बाहा स्पर्धा होते. स्वतः बनवलेली गाडी घेऊन मुलं तिथं जातात आणि धावायच्या आधी ती गाडी तांत्रिक तपासणीतून जाते. म्हणजे एकेक गाडी तपासणारी माणसं आपल्याकडं आहेत. ते काम कायद्याच्या चौकटीत आणायचं राहिलं आहे.

*

इथवर एका जीपबद्दल लिहिलं. पण ब्रह्मपुरीच्या रस्त्यांवर घरी बनवलेल्या गाड्या रोज धावतात आणि त्यांच्याकडं कुणी गाडी म्हणून पाहतच नाही. त्या म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या.

ट्रॅक्टर कारखान्यातून येतो, इंडिकेटरसकट. ट्रॉली मात्र बहुतेक वेळा जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात बनते. कायद्यानं तिचीही वेगळी नोंदणी लागते, तिलाही मागं दिवे, इंडिकेटर, लाल रिफ्लेक्टर लागतात. प्रत्यक्षात संध्याकाळी ब्रह्मपुरी-नागभीड किंवा ब्रह्मपुरी-आरमोरी रस्त्याला उभं राहा. मागून एकही दिवा नसलेल्या ट्रॉल्या ओळीनं जाताना दिसतील. ट्रॅक्टरचे स्वतःचे मागचे दिवे ट्रॉलीच्या फाळक्याआड झाकलेले. चालक इमानदारीनं इंडिकेटर देतो आहे आणि तो पाहतो आहे फक्त त्याच्या मागचा फाळका.

दिवाळीचे दिवस हे त्या ट्रॉल्यांचे सर्वांत व्यग्र दिवस. धान कापून पुंजणे लागलेले असतात, चुरणे सुरू होते, पोती राईस मिलकडं आणि खरेदी केंद्रांकडं निघतात. रांग लांब असते म्हणून लोक रात्रीच निघतात. आणि याच दिवसांत भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. दंडार, शंकरपट आणि रात्रभराचं नाटक. वैनगंगेपलीकडच्या वडशातून नाटक कंपन्या पूर्ण झाडीपट्टीत फिरतात. ज्या झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्या रंगभूमीचा प्रेक्षक आजही मोठ्या संख्येनं ट्रॉलीत बसून येतो. तणस अंथरलेलं, त्यावर सतरंजी, त्यावर बायका, म्हातारी माणसं, झोपलेली पोरं. पहाटे नाटक सुटतं, धुकं उतरलेलं असतं आणि ट्रॉल्या परत निघतात. माल वाहायच्या ट्रॉलीतून माणसं नेणं हेच मुळात नियमाबाहेरचं आहे आणि धोक्याचं आहे, हे मी स्पष्ट लिहितो. पण ती जातात. आणि गावाकडच्या फाट्याला ट्रॉली उजवीकडं वळते तेव्हा मागच्या ट्रकला, त्या ट्रकच्या झोपाळलेल्या चालकाला, ती वळते आहे हे सांगणारं तिच्यावर काहीही नसतं.

पूर्वीची बैलगाडी रात्री निघायची तेव्हा आखाखाली कंदील बांधलेला असायचा. चाकांच्या मधोमध हलणारा तो उजेड लांबून ओळखू यायचा. वेग बैलाचा होता, तरी माणसं कंदील विसरत नसत. ट्रॉलीचा वेग त्याच्या कितीतरी पट आणि मागचा ट्रक त्याहून वेगवान, मग कंदिलाची ती सवय कुठं सुटली?

आमच्या भागात या अंधाराला आणखी एक पदर आहे. ब्रह्मपुरी वन विभागात वाघांची वर्दळ मोठी. ताडोबाकडून घोडाझरी आणि पुढं नदीपलीकडच्या जंगलांकडं त्यांची ये-जा चालते आणि माणसं मारली गेल्याच्या बातम्या इथं नव्या नाहीत. इतरत्र ट्रॉली बंद पडली तर चालक उतरून मागं दगड रचतो, झाडाची फांदी टाकतो. इथं रात्री दोन वाजता जंगलाच्या पट्ट्यात खाली उतरून फांदी तोडायला कोण जाईल? म्हणून इथं दिवा गाडीवरच असला पाहिजे. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकणारं बटण असलं तर चालकाला सीटवरून उठायचीही गरज नाही.

मागचा इंडिकेटर पिवळाच का, लाल का नाही, असं मला एका ट्रॉलीवाल्यानं विचारलं. त्यानं दोन लाल दिवे लावले होते आणि त्यांनाच लुकलुकायला शिकवलं होतं. लाल हा थांबण्याचा रंग. लाल दिवा लुकलुकला तर मागच्याला क्षणभर वाटतं की पुढचा ब्रेक दाबतो आहे, आणि त्या क्षणात तीस-चाळीस फूट अंतर निघून जातं. अमेरिकेत मागचे इंडिकेटर लाल ठेवायला अजून परवानगी आहे. तिथल्या सरकारी रस्ते सुरक्षा संस्थेनं २००९ मध्ये दोन्ही रंगांच्या गाड्यांची तुलना केली, तेव्हा वळताना मागून बसणाऱ्या धडका पिवळ्या दिव्यांच्या गाड्यांना सुमारे ५ टक्के कमी असल्याचं दिसलं. नुसता रंग बदलून एवढा फरक.

अर्थ स्पष्ट असण्याचा मुद्दा आपल्या रस्त्यांवर आणखी महत्त्वाचा आहे, कारण आपण उजव्या इंडिकेटरला दोन अर्थ दिले आहेत. ट्रकवाले मागच्याला साइड द्यायची असली की उजवा इंडिकेटर लावतात : 'या, निघा पुढं.' उजवीकडं वळायचं असलं तरी उजवाच. मागच्या मोटारसायकलवाल्यानं काय समजायचं? तो पुढं निघतो आणि ट्रक त्याच्या अंगावर वळतो. ही सवय सद्भावनेतून आली आहे हे मला माहीत आहे, तरीही ती सोडलीच पाहिजे. साइड द्यायची तर वेग कमी करून डाव्या कडेला सरकावं, एवढं पुरतं. इंडिकेटर फक्त वळण्यासाठी.

*

आता कामाचं बोलू, कारण हा अंक ज्यांच्या हातात पडेल त्यांच्यातल्या अनेकांच्या अंगणात ट्रॉली उभी असेल.

ट्रॅक्टरच्या मागं सात पिनांचं सॉकेट असतं. आंतरराष्ट्रीय पद्धतीत पहिली पिन डाव्या इंडिकेटरची, वायर पिवळी. चौथी उजव्या इंडिकेटरची, हिरवी. तिसरी अर्थची, पांढरी. सहावी ब्रेकची, लाल. ट्रॉलीवर दिवे लावून झाले तरी ते वेडेवाकडे पेटतात, डावा इंडिकेटर दिला की टेललाइटही मंद लुकलुकतो, अशी तक्रार सर्रास असते. दोष बहुधा दिव्याचा नसतोच. अर्थची वेगळी वायर न ओढता ती हुकाच्या लोखंडातून घेतलेली असते. हुक आणि ट्रॉलीचा आकडा यांच्यात गंज, ग्रीस, धुरळा. विजेला परतीची वाट मिळत नाही, मग ती शेजारच्या दिव्यातून वाट काढते. पांढरी वायर सॉकेटपासून थेट प्रत्येक दिव्यापर्यंत ओढली की ही तक्रार संपते.

दिवे मागच्या फाळक्यावर लावू नयेत. धान उतरवताना फाळका खाली पडतो आणि दिवा फुटतो, किंवा फाळका उघडा ठेवून माल भरला की दिवा जमिनीकडं पाहतो. ट्रॉलीच्या चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीवर, दोन्ही टोकांना, बाहेरच्या कडेजवळ लावावेत. कंबरेच्या उंचीला. तणसाचे भारे कडेवरून बाहेर लोंबतात तेव्हा दिवा झाकला जातो आहे का हे भरल्यावर पाहावं, रिकाम्या ट्रॉलीवर पाहून चालत नाही. त्या वेल्डरनं मला आपली तपासणी दाखवली ती अशी : मुलाला इंडिकेटर चालू ठेवून बसवायचं आणि आपण मागून अर्धवर्तुळात चालत जायचं, डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत. चालताना वळण दाखवणारा दिवा कुठंही दिसेनासा झाला की जागा चुकली.

परिवहन विभागाला मी दोन गोष्टींची मागणी करतो. हंगामाच्या तोंडावर तालुक्याच्या बाजार समितीत आणि खरेदी केंद्रांवर ट्रॉलीच्या दिव्यांची तपासणी ठेवा, आणि पहिल्या फेरीत दंड न करता दिवे बसवून द्या. आणि घरी एकच गाडी बनवणाऱ्यासाठी, ब्रिटनसारखी, एका गाडीची चाचणी सुरू करा. नापास करा, दहा वेळा करा, पण का नापास झाली ते कागदावर लिहून द्या.

ट्रॉलीमालकांना एवढंच सांगणं आहे : मंडईला निघायच्या आदल्या दिवशी दोन पिवळे दिवे, एक पांढरी वायर आणि दोन लाल रिफ्लेक्टर बसवून घ्या. मग घरातल्या कुणाला तरी मागं उभं करून एकदा डावा, एकदा उजवा इंडिकेटर द्या आणि तिथून हाक येऊ द्या : "दिसला!" त्यानंतरच गाडी काढा.